जगायला जाणं म्हणजे कुठे जाणं?



दिवाळी झाली की आपल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर टेम्पो येऊ लागतात. भाताची कापणी-झोडणी उरकलेली असते. वीटभट्टीच्या मुकादमाने पावसाळ्यातच, घरात दाणा नसताना, उचल देऊन ठेवलेली असते. टेम्पोत आधी पातेली-डबे चढतात, मग गोधड्या, कोंबड्या, पोरं आणि शेवटी बाया. दुसऱ्या दिवशी पाड्यात म्हातारी माणसं आणि कड्या लावलेली दारं उरतात.

या वेळचं भाषण याच विषयावर करायचं असं आम्ही ठरवलं आणि भातसानगरहून रेकॉर्डिंगसाठी एका कातकरी वाडीवर गेलो. आमच्यातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने कार्यक्रमाचं नाव कागदावर लिहून आणलं होतं, ‘मायग्रेशन : कारणे आणि उपाय’. टेम्पोजवळ उभ्या असलेल्या एका बाईला तिने विचारलं, “ताई, तुम्ही दरवर्षी मायग्रेट होता का?” बाईने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, “ते काय असतं ते ठावं नाय. आम्ही जगाया चाललो.”

परत आल्यावर आमच्यात वाद झाला. एकीचं म्हणणं, शब्दच तर आहे, कोणताही घाला. अंगणवाडीत काम करणारी आमची मैत्रीण मात्र म्हणाली, “शब्दाने फरक पडतो गं. ही बाई गेली की माझ्या रजिस्टरात तिच्यापुढे ‘गैरहजर’ लागतं. ‘स्थलांतरित’ असं लिहिलं, तर कुठे गेली, तिथल्या अंगणवाडीला कळवलं का, हे तरी कोणी विचारतं. गैरहजर बाईचं कोणी काही विचारत नाही.”

म्हणून आज आपण घर सोडून जाण्याचे शब्द बघणार आहोत. आधी इंग्रजीतले, कारण कागदावर बहुतेक वेळा तेच येतात. मग आपले.

इंग्रजीत या कामाला ढिगाने शब्द आहेत. ‘ट्रॅव्हल’ आज सहलीच्या जाहिरातीत दिसतो. तो आला फ्रेंचमधल्या कष्ट, यातना अशा अर्थाच्या शब्दावरून, आणि त्याच्याही मागे लॅटिन भाषेतलं छळाच्या तीन खांबी साधनाचं नाव आहे. जुन्या काळी वाटेला लागणं म्हणजे हालच. ‘जर्नी’ म्हणजे मुळात एका दिवसाची चाल किंवा एका दिवसाचं काम. आपण ‘मजल दरमजल’ म्हणतो, त्यातल्या मजलेसारखंच. ‘कम्यूट’ची गोष्ट तर आसनगाव, आटगाव, खर्डी, कसाऱ्याहून रोज लोकल धरणाऱ्या बायांना लगेच कळेल. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या रेल्वेकंपन्या रोजच्या प्रवाशांना सवलतीचं तिकीट देत. त्या तिकिटाच्या नावावरूनच रोज जाण्या-येण्याला कम्यूट म्हणू लागले. म्हणजे आपल्या ‘पासवाल्या’ बायाच. आपला ‘अप-डाऊन करते’ हा शब्दही रेल्वेनेच दिला.

काही शब्द मात्र माणूस कोण आहे ते पाहून लावले जातात. देश सोडून गेला तो ‘एमिग्रंट’, देशात आला तो ‘इमिग्रंट’. माणूस एकच, उंबऱ्याच्या कोणत्या बाजूला उभं राहून पाहायचं एवढाच फरक. साहेब मंडळी परदेशात राहिली तर त्यांना ‘एक्सपॅट’ म्हणतात आणि मजूर गेला तर तो ‘मायग्रंट’. ‘रेफ्युजी’ हा शब्द इंग्रजीत रुळला तो फ्रान्समधून धर्मावरून हाकलल्या गेलेल्या प्रॉटेस्टंट लोकांमुळे. १६८५ साली तिथल्या राजाने त्यांना दिलेली मोकळीक काढून घेतली आणि ते इंग्लंडला पळून आले.

आणि एक शब्द आहे ‘व्हेग्रंट’, म्हणजे काम-धंद्याविना भटकणारा. अशा माणसाला पकडून शिक्षा करण्याचा कायदा इंग्लंडमध्ये १८२४ साली झाला. भटकणारा तो संशयित, हीच नजर घेऊन इंग्रज सरकारने आपल्याकडे १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आणला. पारधी, कैकाडी अशा अनेक जमातींना जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलं, पोलिसांकडे हजेरी लावायला लावली. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. कायद्यातून सुटले ते ‘विमुक्त’, म्हणून आपण ‘भटके-विमुक्त’ म्हणतो. तरीही १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यात, पोटापाण्याचं साधन दिसत नाही आणि हिंडत राहतो अशा माणसाला भिकाऱ्यांत धरलं गेलं.

आता आपल्या शब्दांकडे या. शनिवार-रविवारी माहुली, गोरखगड, सिद्धगड चढायला शहरातून मुलं-मुली येतात. त्यांच्या पाठीवर पिशवी असते आणि त्याला ‘भटकंती’ म्हणतात. चांगला छंद आहे. पण त्याच धातूतून आलेला ‘भटक्या’ हा शब्द पालावरच्या माणसाला लावला की त्याचा वास बदलतो. पालावरच्या बाईचं बिऱ्हाडही पाठीवरच असतं. भटकंती करणारा रविवारी रात्री कुठे परतणार हे सगळ्यांना ठाऊक असतं, पालावरच्या बाईचं तसं नसतं. सगळा फरक तिथेच पडतो.

‘प्रवास’ हा शब्दही मजेशीर आहे. संस्कृतात ‘वस्’ म्हणजे राहणं आणि ‘प्रवास’ म्हणजे घरापासून लांब राहणं. जाणं त्यात नंतर आलं. हिंदीने तो जुना अर्थ धरून ठेवला. म्हणून २०२० च्या टाळेबंदीत हिंदी वाहिन्यांवर ‘प्रवासी मजदूर’ असं ऐकू यायचं. आपल्याला ते ऐकून वाटायचं, प्रवासी म्हणजे एसटीत तिकीट काढून बसलेला. इकडे आपल्या डोळ्यांसमोर मुंबई-नाशिक महामार्गावरून हजारो माणसं कसारा घाटाकडे पायी चालली होती. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं. त्यांना कोणी परप्रांतीय म्हणत होतं, कोणी मायग्रंट.

याच ‘वस्’ धातूपासून जुन्या वाङ्मयात एक लांबलचक शब्द तयार झाला, ‘प्रोषितभर्तृका’. जिचा नवरा दूर देशी गेला आहे अशी बाई. मुरबाडहून वर जुन्नरकडे जाणारा नाणेघाट हा सातवाहनांच्या काळातला व्यापारी रस्ता. कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांतला माल त्या घाटाने वर जायचा. त्याच सातवाहन घराण्यातल्या हाल राजाच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’त वाटसरू आणि त्यांची वाट पाहणाऱ्या बायका पुन्हा पुन्हा येतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही मागे राहिलेल्या बाईला भाषेत जागा होती. आजच्या पाड्यावर म्हाताऱ्या सासूजवळ नातवंडं ठेवून सून भट्टीवर जाते. त्या मागे राहिलेल्या सासूला कोणताही शब्द नाही, आणि तिच्यासाठी फारशी तरतूदही नाही.

आता जरा स्वतःकडे बघू. रेकॉर्डिंग ऐकताना आम्ही एकमेकींना विचारलं, आपल्यातली किती जणी स्थलांतरित? आधी सगळ्या हसल्या. मग हिशेब केला तर जन्मगावातच राहिलेली एकही निघाली नाही. कोणी मुरबाडची, कोणी वाड्याची, कोणी घाटावरची. सगळ्या लग्न होऊन आलेल्या. जनगणनेत राहतं ठिकाण बदललेल्या प्रत्येकीला स्थलांतरित धरतात. २०११ च्या जनगणनेत देशात असे सुमारे ४५ कोटी लोक होते. त्यांत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा खूप जास्त, आणि त्यांचं सर्वांत मोठं कारण लग्न. देशातलं हे सगळ्यात मोठं स्थलांतर आहे, आणि त्याला आपण ते नाव कधीच दिलं नाही. आपण म्हणतो सासरी गेली, नांदायला गेली. लग्नातल्या त्या घडीला ‘पाठवणी’ म्हणतो. ती जाते असं नाही, तिला पाठवतात. ‘माहेर’ म्हणजे मातृगृह, आईचं घर. ‘सासर’ म्हणजे सासऱ्याचं घर. तिच्या स्वतःच्या घराला या जोडीत शब्दच नाही. म्हणून आपल्यातल्या एकीने विचारलं, “रेशनकार्डावर नाव माहेरून कमी झालं आणि सासरी चढलंच नाही, तर मी कुठली?” तिचं नाव चढायला दोन वर्षं लागली. तोवर कागदावर ती कुठलीच नव्हती.

भातसानगरचंच घ्या. ही वसाहत धरणामुळे वसली. इथे क्वार्टर्समध्ये राहायला आलेल्या कुटुंबांचा शब्द ‘बदली’. बदलीवर आलेल्या माणसाला पगार असतो, सामान हलवायचा भत्ता असतो, परत जायची तारीखही असते. ज्यांची शेतं आणि घरं भातसाच्या पाण्याखाली गेली, त्यांचा शब्द ‘विस्थापित’. म्हणजे आपल्या जागेवरून हलवलेला. त्यात हलवणारा कोण ते शब्दातच दडलेलं आहे. पुढे ‘प्रकल्पग्रस्त’ हा सरकारी शब्द आला. ऐकायला कडवट, पण त्याचा दाखला निघतो, आणि त्या दाखल्यावर राज्याच्या सरकारी नोकरभरतीत पाच टक्के समांतर आरक्षण मिळतं. धरणासाठी हलवलेल्यांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला. भातसाचं काम त्याच्या आधीच सुरू झालेलं होतं. आज मुंबईच्या रोजच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकटं भातसा देतं. आणि उन्हाळा आला की याच शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर पाण्याचे टँकर फिरतात. पाणी मुंबईला जातं, त्याच्या मागोमाग माणसंही मुंबईच्या दिशेने जातात.

आता पुन्हा त्या टेम्पोकडे येऊ. ‘जगायला जाणं’ हा शब्द ठाणे-पालघरच्या आदिवासी पट्ट्यात सगळीकडे ऐकू येतो. ‘स्थलांतर’ म्हणजे फक्त दुसरी जागा. कोण, का, कधीपर्यंत, काही कळत नाही. ‘जगायला’ या शब्दात कारण आहे. इथे राहिलो तर जगणं होत नाही, असं ती बाई एका शब्दात सांगते. कातकऱ्यांचं नावच मुळी कामावरून पडलं. खैराच्या झाडापासून कात काढणारे ते कातकरी. जंगलावर निर्बंध आले, कात गेला, स्वतःची जमीन बहुतेकांकडे नव्हतीच. मग कोळशाच्या भट्ट्या, वीटभट्ट्या, रेती. महाराष्ट्रात केंद्र सरकारने विशेष असुरक्षित म्हणून धरलेल्या तीन आदिवासी जमाती आहेत, कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. आपल्या भागात त्यांतली ही एक आहे.

भट्टीवर नवरा-बायको जोडीने काम करतात. अंधारात उठायचं, माती कालवायची, ऊन चढायच्या आत विटा पाडायच्या. हजार विटांमागे दर ठरलेला. आठवड्याला हाती पडते ती फक्त ‘खर्ची’, म्हणजे मीठ-मसाल्यापुरते पैसे. बाकीचा हिशेब आगोटीला, भट्टी बंद होताना. तेव्हा उचलीतून किती फिटलं ते शेठच्या वहीवरून कळतं. बहुतेक ठिकाणी त्या वहीत नाव नवऱ्याचंच असतं. विटा दोघांनी पाडल्या, वहीत एकच माणूस. म्हणजे गावच्या रजिस्टरात ती गैरहजर, आणि भट्टीच्या वहीत ती नाहीच.

उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर यायचं, दुसरीकडे जायचं नाही. याला आपण रीत म्हणतो. कायद्यात त्याला ‘वेठबिगार’ हा शब्द आहे. ‘वेठ’ संस्कृतातल्या ‘विष्टि’वरून आलं, ‘बिगार’ फारसीतून. दोन्हींचा अर्थ मोबदल्याशिवाय करून घेतलेलं काम. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानुसार, घेतलेल्या आगाऊ रकमेपायी माणसाला दुसरीकडे कामाला जायची मोकळीक राहिली नाही, तर ती वेठबिगारी ठरते आणि ते कर्ज रद्द होतं. आपल्याच पट्ट्यात वसईला १९८२ साली सुरू झालेल्या श्रमजीवी संघटनेने याच शब्दावर बोट ठेवून कित्येक कुटुंबं सोडवली. ‘उचल बाकी आहे’ असं म्हटलं की बाई मान खाली घालते. ‘ही वेठबिगारी आहे’ असं म्हटलं की तहसीलदाराला, जिल्हाधिकाऱ्याला चौकशी करावी लागते.

याच्या उलटही होतं, शब्दामुळे माणूस कायद्याबाहेर राहतो. स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली केंद्राने कायदा केला. त्याच्या नावातच ‘आंतरराज्य’ होतं. शहापूरहून भिवंडीला गेलेलं कुटुंब राज्याची हद्द ओलांडत नाही, म्हणून ते त्यात बसलंच नाही. सहा महिने घरापासून लांब, पण कायद्याच्या लेखी ते कुठे गेलेलंच नाही.

मुलांचंही तसंच. शाळेच्या हजेरीत आधी ‘गैरहजर’, मग ‘शाळाबाह्य’. दोन्ही शब्दांत दोष मुलावर येतो. भट्टीवर विटा रचून जी खोपटी करतात तिला ‘भोंगा’ म्हणतात. नव्वदच्या दशकात विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच शाळा भरवल्या आणि त्यांना ‘भोंगाशाळा’ असं नाव दिलं. मूल शाळेबाहेर गेलं असं न म्हणता त्यांनी शाळाच मुलाच्या मागे नेली.

हे सगळं ऐकून तुम्ही म्हणाल, शब्द कळले, पण टेम्पो काही थांबत नाही. खरं आहे. म्हणून जायच्या आधी काय लिहून घ्यायचं, ते सांगतो. जवळ वही-पेन घ्या.

पहिलं, अंगणवाडीत आणि शाळेत सांगून जा. कुठल्या गावच्या भट्टीवर, किती महिने, सोबत किती मुलं, हे लिहायला लावा. ‘गैरहजर’ लिहू देऊ नका. गरोदर बाईला आपल्या आदिवासी भागातल्या अंगणवाडीत अमृत आहाराचं रोजचं जेवण मिळतं, ते गाव सोडल्यावर सुटतं. म्हणून जाते आहे ही नोंद आणखीच महत्त्वाची. माता-बाल संरक्षण कार्ड पातेल्यात नाही, अंगावरच्या पिशवीत ठेवा. बाळाचा डोस भट्टीजवळच्या सरकारी केंद्रातही मिळतो.

दुसरं, शाळा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसता येतं. दाखला यायला उशीर झाला म्हणून शाळेने प्रवेश अडवायचा नाही. गावच्या गुरुजींकडून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, ते भट्टीजवळच्या शाळेत दाखवता येतं.

तिसरं, रेशन. आता रेशनकार्ड कुठल्याही दुकानात चालतं, अंगठा उमटवून धान्य मिळतं. थोडं सासूबाईंनी गावी उचलायचं आणि थोडं तुम्ही भट्टीजवळ, असंही करता येतं. दुकानदार ‘तुमचं कार्ड इथलं नाही’ म्हणाला तर तेवढ्यावर परत फिरू नका.

चौथं, उचल. किती घेतली, कुठल्या तारखेला, हजार विटांना काय दर ठरला, हे आपल्या वहीत लिहा. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोरीकडून लिहवून घ्या. दर आठवड्याची खर्ची आणि पाडलेल्या विटा त्याच वहीत मांडा. आणि त्या वहीवर दोन नावं घाला, नवऱ्याचं आणि तुमचं. आगोटीला शेठच्या वहीशेजारी ही वही ठेवायची.

पाचवं, अडचणीत पडलात तर आजारपणाला १०८, मुलाबाबत काही घडलं तर १०९८, बाईवर जुलूम झाला तर १८१. हे नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

ज्या बाया जात नाहीत, त्यांनाही एक काम आहे. आपल्या शेजारच्या पाड्यात कोण म्हातारं मागे राहिलं आहे ते बघा. आठवड्यातून एकदा दारावरून जा, चूल पेटली का विचारा.

आमच्या कार्यक्रमाचं नाव बदललं. कॉलेजच्या मुलीनेच कागद फाडून नवा लिहिला, ‘जगायला जाताना’. रेकॉर्डिंगच्या दिवशी ती बाई टेम्पोत बसली तेव्हा आमच्या अंगणवाडीच्या मैत्रिणीने तिथेच तिच्याकडून गावाचं, भट्टीचं आणि दोन्ही मुलांचं नाव लिहून घेतलं. मग तिने बाईला विचारलं, “आणि तुझं नाव?” बाई म्हणाली, “माझं कशाला? त्यांचं लिवलं ना.” मैत्रिणीने टेम्पो थांबवून ठेवला आणि तिचंही लिहिलं.

आगोटीला ती परत येईल तेव्हा तिची वही बघायला आम्ही जाणार आहोत. तुम्हीही तुमच्या पाड्यावर एकीची तरी वही सुरू करून द्या आणि आम्हाला कळवा.